तोंड हुंगल्याशिवाय बक्षीस नाही

मंडईच्या दिवशी आमच्या घरी किती माणसं जेवायची, हे कुणी कधी मोजलं नाही, आणि मोजणाऱ्याला मायनं घराबाहेर काढलं असतं. केशोरीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली आमचं गाव. दिवाळी सरली की आमच्या भागात एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्राच, एकेका दिवशी लागते. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो, आणि त्या मधल्या सवडीत सारा मुलूख एकमेकांच्या घरी जेवायला निघतो. बोलावणं लागत नाही. लेकी माहेरी येतात, जावई येतात, जावयांचे मित्र येतात, त्या मित्रांची ओळख विचारेपर्यंत त्यांचं जेवण झालेलं असतं. पहाटे जाग यायची ती पाट्याच्या घरघरीनं. माय वड्यांसाठी भिजवलेली लाखोळीची डाळ वाटायला बसलेली असायची, शेजारी बाबा चुलीत लाकडं सारत असायचे, आणि तव्यावर तांदळाच्या पिठाचे पातळ आयते एकावर एक पडत असायचे. पहिला आयता बिघडतो, तो माझा. दुसराही मीच मागून घ्यायची. माय म्हणायची, "पोटात काय बोडी खोदली का व?" बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. आता माझी नात मला सांगते, आजी, डाळ मिक्सरमध्ये फिरव, दोन मिनिटांत होते. फिरवली बाई. वडे झाले, खाल्लेही सगळ्यांनी. पण घर मात्र जागं झालं नाही, सगळे फोन वाजल्यावर उठले.

दुपारी सारं गाव आखरावर. सकाळी जिथे गुरं जमतात तीच ही मोकळी जागा, पण त्या दिवशी तिथे जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, फुगे आणि मधोमध खडी गंमत. उभ्यानं चालणारा हा खेळ. एक शाहीर, एक ढोलकीवाला, एक तुणतुण्यावर, आणि लुगडं नेसून नाचणारा एक पुरुष, त्याला नाच्या म्हणतात. गाणं रंगात आलं की प्रेक्षकांतून कुणीतरी नोट वर धरतो. गाणं जागच्या जागी थांबतं, नाच्या ठुमकत जाऊन नोट आणतो, आणि शाहीर माइकवर देणाऱ्याचं नाव गावासकट घेतो. मग गाणं पुन्हा सुरू. परगावच्या माणसाला वाटेल, हे काय, दर मिनिटाला गाणं तोडतात! पण आमच्याकडे गाणं ऐकायला निम्मी माणसं येतात आणि आपलं नाव ऐकायला निम्मी. त्यातही मंडईत सोयरिकी जमतात. कुणाची पोरगी, कुणाचा पोरगा, सारे डोळे इकडून तिकडे फिरत असतात. अशा वेळी माइकवर नाव निघणं म्हणजे पोरांना लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसल्यासारखं वाटायचं.

आणि पोरं प्यायची. तलावाच्या पाळीमागे मोहफुलाची मिळायची, सगळ्यांना ठाऊक होतं. बाप म्हणायचे, मंडईच्या दिवशी थोडी चालते. काके म्हणायचे, आम्हीही घ्यायचो. मामाचं तर विचारूच नका. माझा मोठा मामा ताराचंद सडक अर्जुनीला हायवेवर ढाबा चालवायचा, ट्रकवाल्यांशी हिंदीत गप्पा मारून त्याची अर्धी मराठी हिंदी झाली होती. तो मंडईला यायचा तो हातात मिठाईचा पुडा आणि तोंडाला वास घेऊनच. सगळ्यांचा लाडका माणूस. मला तर फार आवडायचा, उगाच खोटं कशाला लिहू. त्याच्या मागून मामी यायची, पदर सावरत, न बोलता, आणि थेट चुलीपाशी जाऊन मायच्या हातातला झारा घ्यायची.

माझा भाऊ सुमेध आणि शेजारचा नंदू हे एका ताटात जेवणारे मित्र. नंदूची आई अनसूयाकाकी आणि माझी माय यांच्या सांदवाड्यांमध्ये, म्हणजे मागच्या परसांमध्ये, एक मातीची भिंत होती, कंबरेएवढी, आणि ती भिंत म्हणजे त्या दोघींचं टेकायचं ठिकाण. मी अकरावीत असतानाच्या मंडईत सुमेध आणि नंदू दोघेही पाळीमागे जाऊन आले. दोघांनी एकदमच नोटा वर धरल्या. शाहिरानं नंदूचं नाव आधी घेतलं. बस, एवढंच कारण. आज लिहिताना हात थांबतो, इतकं ते फालतू आहे. सुमेध म्हणाला, माझी नोट आधी होती. नंदू हसला. सुमेधनं जिलेबीच्या दुकानाच्या मांडवाचा बांबू उपसला आणि फिरवला. बांबूचं टोक नंदूच्या डाव्या डोळ्यात गेलं. त्या पाठोपाठ दोघांच्या बाजूचे पोट्टे एकमेकांवर तुटून पडले, कढई लवंडली, बाया लेकरांना पोटाशी धरून पळाल्या. नंदूला नागपूरला नेलं. जीव वाचला, तो डोळा गेला. सुमेध दोन्ही हातांनी डोकं धरून आमच्या दारात बसला होता, आणि त्याच्या तोंडाचा वास अजून उतरला नव्हता.

ठाण्यात समझोता झाला, तो बाबांनी आणि नंदूच्या बाबांनी केला. घरांचा समझोता मात्र कुणालाच करता आला नाही. काकी भिंतीपाशी यायची थांबली. मायही थांबली. काकी गावात म्हणायची, "तिचा पोट्टा मारून राहिला होता, अन् ती माझ्या दारात आली नाई. मी काऊन जाऊ तिच्याकडं?" आणि माय घरात म्हणायची, "मी कोनत्या तोंडानं जाऊ व?" दोघीही बरोबर होत्या, त्यामुळे काही सुटत नव्हतं. गावानं त्या वर्षीपासून मंडई बंद केली. पुढच्या दिवाळीला आमच्या गावाचा दिवस आला आणि आखरावर नुसती गुरं बसली होती. लेकी माहेरी आल्या नाहीत. आमच्या घरात पाटा वाजला नाही. विहिरीवर गेले की बाया माझ्या घागरीकडे बघून म्हणायच्या, "हिच्याच भावानं मंडई खाल्ली." मला राग यायचा, आणि राग गिळून घागर उचलायची. सुमेध कामाला जायचा, घरी यायचा, जेवायचा. दारूला त्यानं पुन्हा हात लावला नाही, पण तो हसलाही नाही.

मंडई परत आणायची हे माझ्या डोक्यात कधी बसलं ते नाही सांगता येत. बसलं एवढं खरं. मला वाटायचं, मंडई परत लागली आणि शांततेत पार पडली तरच आमचं घर गावात मान वर करून चालेल, आणि तरच त्या भिंतीपाशी पुन्हा कुणी येईल. त्याच सुमारास फुलचूरचे एक सर आमच्या कॉलेजात बोलायला आले. स्वतः कधीकाळी प्यायचे, सोडली, आणि आता चार-पाच माणसं घेऊन गावोगाव जायचे. संध्याकाळ होताना, जेव्हा पोरांचे पाय भट्टीकडे वळतात, नेमके तेव्हा मैदानात कबड्डी लावायची, दिवे लावायचे, खेळ झाला की पोरांना बसवून बोलायचं, ज्याचं सुटत नाही त्याच्याबरोबर वेगळं बसायचं. वर्षभर रोज. मी त्यांना विचारलं, आमच्या गावी याल का? ते म्हणाले, "आएंगे ना बेटा. पण माणसांचा खर्च आहे, दिव्यांचा आहे, जाण्यायेण्याचा आहे. आमच्याकडे झाड नाही पैशाचं. गावानं उभं केलं तर उद्या येतो."

बचत गटाच्या बैठकीत मी उभी राहिले. माझा आवाज तेव्हाही भोंग्यासारखाच होता. मी म्हटलं, मंडई भरवू, खडी गंमत लावू, आणि जेवढं बक्षीस पडेल ते सगळं सरांच्या कामाला देऊ.  कोपऱ्यात अनसूयाकाकी बसली होती, धानाच्या रोवणीत बायांची टोळी चालवणारी बाई, तिच्यापुढे मोठमोठे शेतकरी आवाज खाली करायचे. मला वाटलं, आता ही मला फाडून खाते. ती म्हणाली, "पोट्टी बरोबर बोलून राहिली. माझ्या पोट्ट्याचा डोरा गेला तो गेला, पन आता दुसऱ्या कोनाचा नाई गेला पायजे." पोलीस पाटलांकडे आम्ही दोघी मिळून गेलो. वाटेत ती माझ्याशी शेतीचं बोलली, पिकाचं बोलली, मायचं नाव काढलं नाही. पाटलांनी ऐकून घेतलं आणि बोट वर केलं. "एक डाव देतो. पन आयका, एक जरी डोस्कं फुटलं, एक जरी कॉलर धरली गेली, त मंडई कायमची बंद. मंग माझ्या दारात रडाले येऊ नका."

आमची पहिली युक्ती सपशेल आपटली, तेही सांगून टाकते. आम्हाला वाटलं, दारूवर एक छोटं नाटक करू, लोकांना अक्कल येईल. कॉलेजातला देवा नावाचा पोरगा दारुड्या झाला, मी त्याची बायको. बुद्धविहाराच्या अंगणात रंगीत तालीम ठेवली, म्हटलं गावाला थोडं दाखवू. देवा झोकांड्या खात आला आणि सारं अंगण हसून लोळलं. तो पडला की शिट्ट्या, उठला की टाळ्या. मी पोटतिडकीनं रडत होते, माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. म्हातारे म्हणाले, एकदा अजून पडून दाखव. दुसऱ्या दिवशी गावातली सारी लेकरं शाळेत झोकांड्या खात गेली, आणि देवाला पाळीमागच्या भट्टीवाल्यानं खूश होऊन फुकट पाजायची तयारी दाखवली. माझा असा संताप झाला! बाबा मात्र जेवताना हसू दाबत म्हणाले, "पन पोरगा काम चांगलं करते हो." त्या नाटकाची वही मी चुलीत घातली.

त्यावर उपाय काकीनं काढला. ती म्हणाली, "भांडन कायच्यावरून झालं होतं? नावावरून. मंग नावच धरून ठेवा." तिचं म्हणणं असं की यंदा नाच्या नोट आणायला खाली उतरणार नाही. ज्याला बक्षीस द्यायचं असेल त्यानं स्वतः मंचावर यायचं. मंचावर मी उभी राहीन, ती म्हणाली, आणि तोंड हुंगीन. वास नसेल तर नाव माइकवर, मोठ्यानं, गावासकट. वास आला की पैसे परत, आणि तेही माइकवर. आम्ही पोरी तोंडाला पदर लावून हसलो. ती हसली नाही. शाहिराला हे सांगायला गेलो तर म्हातारा खाटेवरून उठूनच बसला. "बाई, माझ्या बापानं नाई, आज्यानं नाई, कोनी कधी बक्षीस वापस केलं नाई. मंडईत बक्षीस वापस करनं म्हंजे चारचौघांत मानसाच्या थोबाडीत मारनं होय." काकी म्हणाली, "मंग तेच त पायजे, शाहीर." फुलचूरच्या सरांनाही धाकधूक होती. पैसे गोळा करायचे आणि पैसेच परत करायचे, अशी वर्गणी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पण म्हातारा शाहीर थोडा वेळ दाढी खाजवत बसला आणि म्हणाला, "वापस करताना ढोलकीवर काय वाजवाचं, ते मी ठरवीन." तिथेच कळलं की तो आमचा झाला.

मंडईचा दिवस उजाडला. पाटा वाजला, वडे तळले, पाहुणे आले, सारं झालं. माय मात्र म्हणाली, मी घरीच राहते, चूल कोण पाहील? कुणी आग्रह केला नाही. सुमेधचं काय करायचं हा प्रश्न होता, त्याला पाहून कुणी डिवचलं असतं तर तिथेच खेळ संपला असता. काकीनं त्याला मंचाशेजारी पाण्याच्या पिंपांवर उभं केलं. "त्याले पानी वाटाले लावा," म्हणाली, "दिसू द्या साऱ्याईले." नंदू मंचाच्या पायऱ्यांपाशी खुर्चीवर बसला होता, काळा चष्मा लावून. दोघांमध्ये एका बैलबंडीएवढं अंतर होतं आणि दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते. मी माइक धरला.  आवाज माझा कधी थरथरला नाही.

सुरुवातीला गंमतच झाली. शाळेतले गुरुजी आले, तोंड उघडून देवळात प्रसाद घ्यावा तसे उभे राहिले, पास झाले. एक म्हातारबा आले, त्यांना काकी म्हणाली, "आबाजी, वास कांद्याचा आहे, पन लई आहे," आणि सारं आखर हसलं. मग शेजारच्या गावचा एक पिवळ्या सदऱ्याचा पोरगा ऐटीत वर आला. त्याच्या लग्नाची बोलणी आमच्याच गावात चालू होती, मुलीकडची माणसं समोरच बसली होती. काकीनं नाक जवळ नेलं आणि मान हलवली. मी माइकवर म्हटलं, "पिवळ्या सदऱ्याच्या भाऊंचं बक्षीस वापस. भाऊ, पानी प्या, घरी जा, पुढच्या साली या." शाहिरानं खूण केली आणि ढोलकीवर एकच बोल पडला, ढप्प, जणू पोतं आपटलं. लोक हसले. पोरगा पांढराफटक पडला. त्याचे मित्र मागून उठून उभे राहिले. पोलीस पाटीलही उठले.  त्या पोरांपैकी एक ओरडला, "आमचे वापस करता का? थांबा, आता यांच्या घरचे येतील ना, मंग पाहू!"

आणि तसंच झालं. गर्दी बाजूला सारत मामा येत होता. कुरकुरीत पांढरा शर्ट, हातात त्या दिवसाची सगळ्यात मोठी नोट, चेहऱ्यावर तेच हसू, मला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवायचा तेव्हाचं. "घे पोरी! जोर से बोल, सडक अर्जुनीवरून आले मामा!" काकी पुढे झाली. तिला जवळ जाण्याचीही गरज नव्हती, मला माइकपाशी वास येत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुझा मामा होय. तूच सांग."  पिवळा सदरा हात बांधून बघत होता. सरांनी मान खाली घातली. मी ती नोट घेतली असती तर मामा खूश, माय खूश, आणि पुढच्या घटकेला त्या पोरांनी मांडवाचे बांबू उपसले असते. मला एकदम मामाचा फार राग आला आणि त्याची फार दयाही आली. मी माइक तोंडाशी धरला. "सडक अर्जुनीचे माझे सख्खे मोठे मामा. मामा, बक्षीस वापस."

ढोलकी वाजली नाही. ढोलकीवाल्याची हिंमत झाली नसावी. मामाचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्यातला मामा निघून गेला होता. "मले?" तो म्हणाला. "मले वापस करतेस? तुझ्या मायचा भाऊ होय मी."  मी नोट त्याच्यापुढे धरून उभी राहिले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते मी पुसलंही नाही. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून मामी उठली. माझी मामी, जी आमच्या घरी येऊन चुलीशिवाय दुसरीकडे बसली नव्हती. ती पायऱ्या चढून वर आली, माझ्या हातातली नोट तिनं घेतली आणि काकीपुढे उभी राहिली. "बाई, मले हुंगा," म्हणाली. काकीनं हुंगलं. "ताराचंदची बायको ना? काय नाव सांगाचं?" मामीनं पदर सावरला. "लीला," म्हणाली, आणि मग जरा मोठ्यानं, "लीलाबाई सांगा." मी ओरडले, हो ओरडलेच, "लीलाबाईंकडून बक्षीस!" शाहिरानं ते नाव असं उचललं, असं ताणलं, की तलावावरचे बगळे उडाले. तोवर आमच्या मंडईत बक्षिसाला बाईचं नाव लागलं नव्हतं. मनाई नव्हती, पण कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मामा खाली उतरला. सुमेधनं पाण्याचा गिलास पुढे केला. मामानं त्याच्याकडे बघितलं, गिलासाकडे बघितलं, आणि पाणी प्यायला. ते पाहून पिवळ्या सदऱ्याचे मित्र एकेक करून खाली बसले. त्यांना काय म्हणायचं तेच उरलं नाही. आणि मग बायांचा लोंढा उठला! कमरेला खोचलेल्या पिशव्या सुटल्या, पदराच्या गाठी सुटल्या. एकेक बाई वर यायची, तोंड पुढे करायची, लाजून हसायची आणि आपलं नाव सांगायची. ज्यांना मी जन्मभर गण्याची माय, पाटलाची सून, वरच्या आळीची आजी म्हणत आले, त्यांची नावं मला त्या दुपारी कळली. शेवंता. रुखमा. बिरजुला. एक म्हातारी तर नाव सांगताना अडली, तिला आठवेना, मागून तिची बहीण ओरडली, "सुगंधा व, सुगंधा!" आणि सारं आखर सुगंधा, सुगंधा करू लागलं. बायांच्या मागून त्यांची पोरं आली, जी प्यायली नव्हती ती छाती काढून, आणि जी प्यायली होती ती पाण्याच्या पिंपांपाशी सुमेधजवळ मुकाट उभी. त्यांच्यापैकी दोघे-तिघे मला पुढे सरांच्या कबड्डीत दिसले. पिवळा सदरा पुढच्या साली सकाळीच, चहा घेण्याआधी, मंचाजवळ येऊन बसला होता, बायकोसकट.

सरांचं काम उभं राहिलं, पैसे पुरले. पौषात मैदानावर दिवे लागले. ही प्रथा पुढे आसपासच्या गावांनीही उचलली आणि आमच्या गावात ती अजून आहे. हल्ली मंचावर चौकोनी कोडाचा कागद लावतात, पोरं बसल्या जागेवरून फोननं पैसे पाठवतात. गेल्या वर्षी यावर मोठा वाद झाला, फोनचं तोंड कोण हुंगणार? शेवटी ठरलं की पैसे फोनवरून द्या, पण नाव पाहिजे असेल तर तोंड घेऊन वर या. पोलिसांनी फुंकायचं यंत्र देऊ केलं होतं, बायांनी ते वापरून पाहिलं आणि म्हणाल्या, आमचं नाक बरं. मी तिथेच होते, हसून हसून माझं पोट दुखलं.

पण त्या पहिल्या दिवसाचं एक राहिलं. ऊन उतरत आलं होतं, शाहिराचा आवाज बसला होता, लोक पिशव्या सावरायला लागले होते. तेव्हा मला दिसलं, आखराच्या टोकाकडून माय येत होती. पदर डोक्यावर, हाताला पीठ तसंच. लोक बाजूला झाले. दोन वर्षं ती विहिरीवरसुद्धा मान खाली घालून जायची, आणि आता ती सगळ्यांच्या मधून सरळ मंचाकडे येत होती. सुमेध पिंपापाशी ताठ उभा राहिला. नंदूनं चष्मा काढला. माय पायऱ्या चढली आणि काकीपुढे येऊन थांबली. दोघी इतक्या जवळ दोन वर्षांत आल्या नव्हत्या. मायनं नोट पुढे केली.   नियम म्हणजे नियम, काकीनं नाक मायच्या तोंडाजवळ नेलं, आणि तिथेच थांबली. एवढा वेळ तिनं कुणालाच हुंगलं नव्हतं. माइक माझ्या हातात चालूच होता.

"गुडाखूचा वास येते, फुलवंता," काकी म्हणाली.

साऱ्या आखरानं ऐकलं. दात घासायची ती तंबाखूची काळी गुडाखू या दोघी रोज सकाळी भिंतीला टेकून चोरून लावायच्या, घरातल्या पुरुषांपासून लपवून, ते मला त्या क्षणी समजलं. बाबांनाही समजलं.

"एकटीच लावत होतीस का व दोन वर्सं?" काकीनं विचारलं.

"तूबी त एकटीच लावत होतीस," माय म्हणाली. "भितीपल्याडून मले आवाज येत होता थुंकल्याचा."

लोक हसले, आणि हसता हसता निम्म्या बाया डोळे पुसायला लागल्या. काकीनं मायचा पिठाचा हात घट्ट धरला. मी नाक ओढून माइकवर म्हटलं, "फुलवंताबाईंकडून बक्षीस."

मायनं माझ्या हातातला माइक वाकडा करून तोंडाशी ओढला. "सुमेधची माय म्हन. तेबी सांग."

मी तेही सांगितलं. पण आता काकीनं माइक आपल्याकडे ओढला. "अन् नंदूची मावशी होय ते," ती म्हणाली. "तेबी सांग, पोट्टे. मोठ्यानं सांग."

मग मी तिन्ही एकदम सांगितलं, फुलवंताबाई, सुमेधची माय, नंदूची मावशी. बसलेल्या गळ्यानं शाहिरानं ते तिन्ही चालीवर धरलं, ढोलकी सुटली, आणि खाली पोलीस पाटील खुर्चीवर उभं राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते.